पेला कोणता आणि पेला कोणाचा?

श्रोतेहो, पेला हा काही इतिहासाचा विषय होतो का, अशी शंका आपल्यापैकी पुष्कळांना येईल. इतिहास म्हटला की लढाया, तह, किल्ले आणि राजांच्या सनावळ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. पण लढाई शंभरातल्या एखाद्याच्याच वाट्याला येते. पाणी मात्र शंभरच्या शंभर लोक रोज पितात. ते कशातून प्यायचे, आणि कोणी कोणाच्या भांड्यातून प्यायचे, हे प्रश्न आपल्या समाजाने इतके मनाला लावून घेतले की त्यांपायी माणसे वाळीत पडली, गावे दुभंगली, प्रकरणे कोर्टात गेली आणि अखेर कायदे करावे लागले. तेव्हा पेल्याला इतिहास आहे. आणि मौज अशी की, त्या इतिहासातील काही महत्त्वाची पाने आपल्या रत्नागिरीशी जोडलेली आहेत.

आजकाल मुंबई-पुण्याकडच्या हौशी मंडळींत एक प्रश्न मोठ्या गांभीर्याने विचारला जातो. व्हिस्की घोट घोट चाखत घ्यायची असेल, तर ती कोणत्या पेल्यातून घ्यावी? खेड्यातल्या माणसाला हे ऐकून हसू येईल. दारू ती दारू, तिला पेल्याचा काय थाट, असे तो म्हणेल. मद्यपानाची शिफारस करण्याचा या भाषणाचा हेतू नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण इतिहासाला सोवळे पाळून चालत नाही. शिवाय त्या प्रश्नात तथ्य आहे. कोणते पेय कोणत्या पात्रात घ्यावे, हे एक शास्त्र आहे, आणि ते शास्त्र आपल्या कोकणातल्या बायकांना स्कॉटलंडच्या लोकांइतकेच ठाऊक होते.

आता बघा. आमसुलाचे सार किंवा सोलकढी कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात कोणी ठेवील का? घरातली म्हातारी लगेच ओरडेल, “अगं, कळकेल ना ते!” ‘कळकणे’ हा एकच शब्द, पण त्यात रसायनशास्त्राचा एक अख्खा धडा आहे. आमसूल, चिंच, ताक यांतील आंबटपणा तांब्या-पितळेला लागला की त्यातून हिरवट, विषारी क्षार तयार होतात. चव बिघडते, पोटात मळमळते. म्हणून वर्षातून एक-दोनदा कल्हईवाला दारात येई. तो भात्याने निखारे फुलवी, नवसागर टाकून भांडे साफ करी आणि कथलाचा पातळ थर आतून फिरवून भांडे चांदीसारखे चकचकीत करून देई. साध्या पाण्याला तांब्याचे भांडे उत्तम, आंबटाला कल्हईचे किंवा दगडी, लोणच्याला चिनी मातीची बरणी, दह्याला मातीचे मडके. हे कोणी शाळेत शिकवलेले नव्हते.

याहून मोठे उदाहरण नीरेचे आहे. आपल्या किनाऱ्यावरचा भंडारी पहाटे माडावर चढून जो रस उतरवतो, तो मुळात गोड असतो. मडके आतून चुन्याने सारवलेले असेल तर तो रस काही वेळ गोड राहतो, तीच नीरा. चुना नसेल, आणि मडक्यात आदल्या दिवसाचे आंबवण राहिलेले असेल, तर सूर्य वर येईपर्यंत तो फसफसू लागतो, तीच माडी. म्हणजे झाड तेच, रस तोच, उतरवणारा हात तोच. फरक पडला तो मडक्यामुळे. पात्र म्हणजे नुसते साठवण नव्हे, पेयाचा स्वभाव ठरवणारी ती वस्तू आहे, हे यावरून कळून येते.

आणि आकार? आपल्या घरातील तांब्या आणि फुलपात्र शेजारी शेजारी ठेवून पाहा. फुलपात्राचा काठ बाहेरच्या बाजूला वळलेला असतो. आपल्याकडे ओठ न लावता वरून पाणी पिण्याची रीत. तेव्हा पाण्याची धार हनुवटीवर न ओघळता नेमकी तोंडात पडावी म्हणून तो काठ तसा. तांब्याचे पोट फुगीर, गळा आवळलेला. त्यामुळे चालताना पाणी हिंदकळत नाही, आणि गळ्यात बोटे घालून किंवा दोरी बांधून तो विहिरीत सोडता येतो. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन कलावंत जोडपे भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडून गेले. आपल्या अहवालात त्यांनी भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये सर्वांत सुंदर म्हणून कशाची निवड केली असेल? ताजमहालातील जाळीची नव्हे, तर आपल्या साध्या लोट्याची. तो कोणा एकाने बनवलेला नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या हातांनी घडत आला आहे, हे त्यांनी आवर्जून लिहिले. त्याच अहवालाच्या आधारे पुढे अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

दारूच्या पात्रांचा इतिहासही आपल्याकडे जुना आहे. यज्ञात सोमरसासाठी ‘चमस’ नावाचे लाकडी पेले असत. मद्याच्या पेल्याला संस्कृतात ‘चषक’ म्हणतात. आज शाळेतल्या क्रीडास्पर्धेत आपण जो चषक जिंकतो, तो मुळात मद्याचा पेला, हे कितीजणांच्या ध्यानात असते? सातवाहनांच्या काळात रोमी जहाजे पश्चिम किनाऱ्यावर येत. त्यांतून द्राक्षाची दारू येई, ती दोन मुठींच्या, निमुळत्या बुडाच्या उंच रांजणांतून. बूड निमुळते अशासाठी की, जहाजाच्या तळाशी ते एकमेकांत खोचून घट्ट उभे करता यावेत. अशा रांजणांची खापरे नेवाशाच्या उत्खननात मिळाली. १९४५ च्या सुमारास कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर रोमी धाटणीच्या ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांत समुद्रदेवतेची एक देखणी मूर्ती आहे आणि दारू ओतण्याचे एक भांडेही आहे. ते सह्याद्रीचे घाट चढूनच वर गेले असणार.

आता व्हिस्कीकडे वळू. व्हिस्की ही स्कॉटलंड आणि आयर्लंडची. तिथल्या गेलिक भाषेत तिच्या नावाचा अर्थ ‘जीवनजल’ असा होतो. बार्लीला मोड आणून, आंबवून, भट्टीत गाळून निघालेला अर्क ओकच्या लाकडाच्या पिंपात वर्षानुवर्षे मुरवतात. स्कॉटलंडात निदान तीन वर्षे मुरल्यावाचून तिला कायद्याने व्हिस्की म्हणता येत नाही. लाकडाच्या संगतीने तिला रंग येतो आणि वास येतो. त्या वासातच तिची सारी किंमत आहे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात ही व्हिस्की पूर्वी ‘क्वेख’ नावाच्या पसरट वाटीतून पीत. ती लाकडाची असे, पुढे चांदीची झाली. तिला दोन्ही बाजूंनी दोन कान. का, तर ती एकट्याने पिण्यासाठी नव्हेच. यजमानाने दोन्ही हातांनी धरून पाहुण्याला द्यायची, पाहुण्याने दोन्ही हातांनी घेऊन घोट घ्यायचा आणि परत करायची. दोघांचेही हात गुंतलेले, म्हणजे तलवारीला हात जायला नको. आणि एकाच वाटीतून दोघे प्यायले, म्हणजे विषाचा संशय नको. विश्वासाची खूण म्हणून ती वाटी हातोहात फिरे. ही गोष्ट जरा ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

मग आपल्याकडे व्हिस्कीबरोबर जो उंच, सरळ, रुंद तोंडाचा काचेचा ग्लास आला, तो कुठून आला? पेशवाई बुडाल्यावर १८१८ साली कोकण इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि हवा थंड म्हणून त्यांनी दापोलीला लष्कराची छावणी केली. ‘कॅम्प दापोली’ हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. अशा छावण्यांतून साहेब लोक आधी ब्रँडी पीत. पण १८६० नंतर फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांवर एक सूक्ष्म कीड पडली, मळेच्या मळे उजाड झाले, ब्रँडी मिळेनाशी झाली आणि तिची जागा व्हिस्कीने घेतली. इथला उन्हाळा कडक. साहेबाने व्हिस्कीत भरपूर सोडा ओतून ती तहानेचे पेय करून टाकली. सोड्याला फेस फार, जागा फार लागते, म्हणून ग्लास उंच हवा. म्हणूनच तो तसा आला. सोड्याच्या बाटलीच्या गळ्यात अडकलेली काचेची गोळी आपण सर्वांनी लहानपणी पाहिली आहे. ती युक्ती हिरम कॉड नावाच्या इंग्रजाची, १८७२ सालची.

थोडक्यात, तो उंच ग्लास सोड्यासाठी योग्य आहे, चाखण्यासाठी नाही. याचे कारण समजायला सोपे आहे. व्हिस्की मुख्यतः नाकाने चाखतात. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू एवढेच ढोबळ कळते. बाकीचे सारे बारकावे वासाचे. रुंद तोंडाच्या ग्लासातून तो वास चहूकडे उडून जातो. म्हणून व्हिस्कीची पारख करणारे जाणकार पूर्वीपासून शेरीचा छोटा, दांडीचा, वर निमुळता होणारा पेला वापरत. त्याच धर्तीवर ‘ग्लेनकेर्न’ नावाचा पेला स्कॉटलंडमध्ये तयार झाला. रेमंड डेव्हिडसन या काचमालाच्या कारखानदाराने तो आखला आणि २००१ साली तो बाजारात आला. बुडाशी जाड, पोटात फुगीर, वर तोंडाशी आवळलेला. पोटात वास साठतो, निमुळत्या तोंडातून तो नेमका नाकाशी येतो. रंग दिसावा म्हणून काच नितळ, बिनरंगी. जाणकार त्यात बर्फ घालत नाहीत, कारण गारव्याने वास दबतो. पाण्याचे दोन-चार थेंब मात्र घालतात. त्यायोगे अर्काची तीव्रता उतरते आणि दडलेला वास मोकळा होतो.

पण श्रोतेहो, पोट फुगीर आणि गळा आवळलेला, हे वर्णन आपण आत्ताच ऐकले नाही का? आपल्या तांब्याचेच हे धाकटे भावंड! एकाने पाणी हिंदकळू दिले नाही, दुसऱ्याने वास उडू दिला नाही, तत्त्व एकच.

या बाबतीत कल्हईसारखीच एक सावधगिरी तिकडेही आहे. जड, लखलखीत, पैलू पाडलेल्या ‘क्रिस्टल’ काचेत शिसे मिसळलेले असे. १६७४ साली जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट याने इंग्लंडात तिचे पेटंट घेतले. अशा काचेच्या बुधल्यात दारू महिनोन् महिने भरून ठेवली तर शिसे तीत उतरते, असे पुढे तपासणीत आढळले. घटकाभर पेल्यात घेणे वेगळे, साठवण करणे वेगळे. आंबट ताक पितळेत ठेवू नये, हे सांगणारी कोकणी आजी आणि हा शोध लावणारे शास्त्रज्ञ यांची वाट एकच.

आता काचेविषयी थोडे. काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना यांचा भट्टीत वितळवलेला रस. वाळू चांगली हवी. कणकवलीजवळच्या कासार्ड्याची सिलिका वाळू या कामी नावाजलेली आहे. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत तो भाग रत्नागिरी जिल्ह्यातच होता. पण आपल्या पायाखाली वाळू असून आपले ग्लास, चिमण्या आणि बांगड्या येत त्या ऑस्ट्रिया, बेल्जियम आणि पुढे जपानहून. ही गोष्ट अंताजी दामोदर काळे यांच्यासारख्या स्वदेशीच्या कार्यकर्त्यांना बोचली. माणशी एक पैसा गोळा करून देशात उद्योग काढावा, अशी कल्पना त्यांनी मांडली, तोच पैसाफंड. मूळचे रत्नागिरीचे लोकमान्य टिळक या कामाच्या पाठीशी उभे राहिले. १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत जाऊन काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो चालवायला घेतला. तिथे काच फुंकायला शिकलेले तरुण देशभर पांगले. १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ काच कारखाना काढला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील खेडोपाडी पोचला. ज्या शिक्षकांनी लहानपणी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, त्यांना हे नाव निराळे सांगायला नको.

अशा रीतीने ग्लास घरोघर आला, आणि इतका रुळला की त्याचे नावही आपण आपलेसे केले. मराठीत आता ‘ग्लास’ म्हणजे काच नव्हेच! आपण खुशाल ‘पितळेचा ग्लास’, ‘स्टीलचा ग्लास’ म्हणतो. इंग्रज ऐकेल तर चक्रावून जाईल.

इथवर आपण ‘पेला कोणता’ या प्रश्नाचा विचार केला. हा प्रश्न ज्ञानाचा आहे. पण आपल्या समाजाने त्याच्या शेजारी दुसरा एक प्रश्न बसवून ठेवला होता: ‘पेला कोणाचा?’ हा प्रश्न ज्ञानाचा नव्हे. पेय कोणते हे न पाहता पिणारा कोण हे पाहायचे, आणि त्यावरून भांडे ठरवायचे. धातूचे भांडे राखेने, चिंचेने घासून शुद्ध होते, मातीचे मात्र उष्टे झाले की टाकायचे, अशी जुनी समजूत. काच आणि चिनी माती यांचा निकाल शास्त्रात कुठे सापडेना, म्हणून सोवळ्याच्या स्वयंपाकघरात त्यांना मज्जाव. चहाची कपबशी कित्येक घरांतून ओटीवरच राहिली, माजघराचा उंबरा तिने बरीच वर्षे ओलांडला नाही.

या कपबशीने पुण्यात केवढे वादळ उठवले पाहा. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील पुढारी जमले होते. त्यांत न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले असे लोक होते. मिशनच्या मंडळींनी चहा-बिस्किटे पुढे ठेवली. कोणी घोट घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर लोकांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य माजले, प्रायश्चित्ताचे वाद झाले. एवढे मोठे विद्वान, पण एका कपाने सगळ्यांना बेजार केले! आणि अठरा वर्षांनी पैसाफंडाच्या ज्या कारखान्यात काचसामान घडू लागले, त्याच्या पाठीराख्यांत याच प्रकरणात सापडलेले टिळक होते. इतिहास अशा गमती करतो.

पण ही झाली वरच्या वर्गातली भांडणे. त्यांत फार तर प्रायश्चित्ताचा खर्च होता. खरा मार खाल्ला तो अस्पृश्य मानलेल्या लोकांनी. त्यांना पेलाच नव्हता. त्यांनी ओंजळ धरायची आणि वरून कोणीतरी पाणी ओतायचे. चहाची दुकाने निघाली तेव्हा त्यांच्यासाठी कपबशी निराळी. ती दुकानाबाहेर ठेवलेली असे, आणि पिणाऱ्याने ती स्वतः विसळून पुन्हा तिथेच ठेवायची. पैसा मात्र सर्वांचा एकाच गल्ल्यात पडे.

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे घराणे मूळचे आपल्याच जिल्ह्यातले, मंडणगडाजवळच्या आंबडव्याचे. दापोलीच्या छावणीमुळे लष्करात नोकरी केलेली आणि पेन्शन घेऊन परतलेली महार समाजातील पुष्कळ कुटुंबे त्या भागात होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार हेही पेन्शनीनंतर काही काळ दापोलीस राहिले. पुढे साताऱ्याच्या शाळेतला आपला अनुभव बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे. शाळेत नळ होता, पण त्यांनी त्याला हात लावायचा नाही. शिपायाने नळ सोडला तर पाणी, आणि शिपाई नसला तर तहानेले राहायचे. शिक्षक बंधूंनो, एक वर्गातला हुशार मुलगा, समोर नळ, आणि घशाला कोरड. हे चित्र नुसते डोळ्यांपुढे आणा. त्या मुलाने पुढे २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन ओंजळीने पाणी घेतले. तीच ओंजळ, पण या वेळी वरून कोणी ओतत नव्हते. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने निकाल अस्पृश्यांच्या बाजूने दिला.

आपल्या रत्नागिरी शहरातही त्याच सुमारास हा प्रश्न पेटला होता. १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकर इथे सरकारच्या आदेशाने स्थानबद्ध होते. राजकारण करायला बंदी. तेव्हा त्यांनी रोटीबंदी, स्पर्शबंदी मोडण्याचे काम हाती घेतले. शाळांतून सर्व जातींच्या मुलांना एकत्र बसवावे, सर्वांनी एका पंक्तीत जेवावे, यासाठी चळवळ झाली. १९३१ साली भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने पतितपावन मंदिर उभे राहिले. भागोजीशेठ स्वतः भंडारी समाजातले. गरिबीतून वर येऊन मुंबईत मोठे बांधकाम-ठेकेदार झालेले. आणि १ मे १९३३ रोजी रत्नागिरीत ‘अखिल हिंदू उपाहारगृह’ निघाले. नावाप्रमाणे ते हिंदूंतील सर्व जातींसाठी होते. तिथे वाढण्याचे काम महार समाजातल्या माणसाकडे दिले होते, आणि कपबशी सर्वांना एकच.

एक कप चहा पिणे यात पराक्रम तो काय, असे आजच्या मुलांना वाटेल. पण त्या वेळी त्या उपाहारगृहात जाऊन बसणाऱ्याला घरी आईच्या डोळ्यांतले पाणी, आळीतले टोमणे आणि सोयरिकीची अडचण सोसावी लागे. ही लढाई मैदानावर झाली नाही. ती चहाच्या टेबलावर झाली, आणि तिथे एकेकट्या माणसाला आपल्या मनाशी लढावे लागले.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न कायद्याने निकालात काढला. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या कायद्याने तर स्पष्टच सांगितले की, उपाहारगृहात लोकांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यास कोणालाही अस्पृश्यतेच्या कारणावरून अडवणे हा गुन्हा आहे. देशाच्या कायद्यात भांड्यांचा उल्लेख करावा लागला, यावरून रोग किती खोल गेला होता ते दिसते. त्या कायद्याचे नाव १९७६ साली बदलून ‘नागरी हक्क संरक्षण कायदा’ असे झाले. तरीही देशाच्या काही भागांतून निराळा पेला ठेवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. कायद्याने पेला एक होतो. मन एक व्हायला शाळा लागते.

याच काळात दारूचा पेलाही सरकारी नजरेखाली आला होता. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि पुढल्या वर्षी पूर्ण बंदी आली. व्हिस्की प्यायला डॉक्टरी दाखल्यावर परवाना लागू लागला. पुढे बंदी सैल झाली, परंतु परवान्याची अट त्या कायद्यात अजून आहे. दारूने बुडालेली घरे आपल्या गावात कोणाला मोजून दाखवायला नकोत. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चाखण्याचा पेला लहान असतो, त्यात थोडीच मावते, आणि ती संपायला वेळ लागतो. तो पेला ज्यांनी घडवला, त्यांनी तो ढोसण्यासाठी घडवलेला नाही.

शिक्षकांसाठी एक प्रयोग सुचवतो. त्याला दारू लागत नाही. दोन वेलदोडे कुटून कोमट पाण्यात घाला. ते पाणी सारखे वाटून अर्धे पसरट ताटलीत आणि अर्धे आवळ्या गळ्याच्या लोटीत ओता. पाच मिनिटे थांबून मुलांना डोळे मिटून दोन्हींचा वास घ्यायला सांगा. कोणत्या भांड्यात वास टिकला ते मुले आपणहून सांगतील, आणि मग आकाराचे कारणही तीच शोधतील. त्यानंतर शाळेच्या माठावरचा एकच पेला त्यांना दाखवा आणि चवदार तळ्याची गोष्ट सांगा. विज्ञानाचा आणि इतिहासाचा धडा एकाच तासात होईल.

स्कॉटलंडची ती दोन कानांची वाटी आठवते ना? व्हिस्कीसाठी योग्य पात्र कोणते, याचे तिथल्या जुन्या लोकांनी दिलेले पहिले उत्तर होते: जे समोरच्याच्या हातात विश्वासाने देता येईल ते. वास टिकवणारा निमुळता पेला पुढे आला. तोही चांगलाच आहे. नीरेला चुन्याचे मडके, सोलकढीला कल्हईचे भांडे, पाण्याला तांब्या, व्हिस्कीला निमुळती काच, हा भेद अवश्य करावा, कारण तो पदार्थाच्या गुणावरून केलेला आहे. पण समोर बसलेला माणूस पाहून पेला बदलायचा, याला काही आधार नाही. तो पंक्तिप्रपंच बंद करायला आपल्याच रत्नागिरीच्या आणि महाडच्या लोकांनी सुरुवात करून दिली, याचे आपल्या मुलांना स्मरण असावे.